दारावरच्या पडद्याची पत

भिवंडीच्या कापडाला नाव नसते. हे वाचून काही व्यापारी बंधूंच्या कपाळावर आठ्या पडतील, पण गोष्ट खरी आहे. आपल्या मागावरून उतरलेला तागा दलालामार्फत मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटात जातो तेव्हा तो नुसता 'ग्रे' असतो. पाली, बालोतरा, जेतपूर किंवा अहमदाबादेत तो धुतला जातो, रंगवला जातो, छापला जातो आणि मग त्याच्या टोकाला दुसऱ्याच कोणाचा तरी छाप बसतो. पुढे त्याचे अस्तर होते, परकर होतो, लहान मुलांचे झबले होते, कफनाचा लठ्ठाही होतो. वापरणाऱ्याला तो कोठे विणला गेला हे ठाऊक नसते, आणि आपण तरी त्याला कधी सांगायला गेलो? पन्ना किती, रीड-पिक किती, मीटरचा भाव काय, इतके झाले की सौदा संपला.

हा विचार माझ्या डोक्यात पक्का बसला तो एका मिठाईच्या दुकानात, आणि तेही जपानात. म्हणून आज व्यापाराच्या पानावर मिठाईबद्दल लिहितो आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

कानाझावा हे नाव भिवंडीत फार जणांना माहीत नसेल, पण त्सुडाकोमा हे नाव माहीत आहे. एअरजेट माग घेण्याचा विचार ज्याने एकदा तरी केला, त्याच्या टेबलावर या कंपनीचे पत्रक येऊन पडलेले असते. ती कंपनी कानाझावाची, १९०९ सालची. जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडील हे मध्यम आकाराचे शहर. सभोवतालचा इशिकावा आणि शेजारचा फुकुई हा सगळा मुलूख आधी हाबुताई या रेशमी कापडाचा आणि पुढे पॉलिएस्टरचा. म्हणजे एका अर्थाने आपल्याच बिरादरीचे गाव. २०१८ च्या नोव्हेंबरात एका मित्राबरोबर मी तेथे गेलो होतो. माग त्याला घ्यायचे होते. मी सोबतीला, आणि आपणही दोन पैसे घालावेत की काय हे पाहायला. माग शेवटी घेतले नाहीत. बँकेचा हप्ता आणि विजेचे बिल यांचा मेळ बसेना. तो विषय वेगळा.

दोन दिवस आम्हाला हिंडवणारे गृहस्थ सुताच्या व्यापारात आयुष्य काढलेले, सत्तरी ओलांडलेले. दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास त्यांनी दुभाष्यामार्फत सांगितले की आता जरा बसू, थोडे गोड खाऊ. मला वाटले, हॉटेलात नेतील. त्यांनी नेले एका जुन्या मिठाईच्या दुकानात.

दुकानाला पाटी नव्हती असे नाही, पण नजर गेली ती दारावरच्या पडद्यावर. कापडवाल्याची नजर दुसरीकडे जाणार कोठे! गडद निळीत रंगवलेले जाड सुती कापड, मधून उभे चिरलेले, आणि दुकानाचे चिन्ह तेवढे पांढरे राखलेले. मी बोटांनी चाचपून पाहिले. सूत जाडे, विणकर हुशार. चिन्हाच्या जागी तांदळाच्या पिठाची खळ लावून तेथे नीळ लागू देत नाहीत, आपल्याकडे दाबूच्या छपाईत चिखल लावतात तशीच युक्ती. सकाळी हा पडदा बाहेर लावला की दुकान उघडे, संध्याकाळी आत घेतला की बंद. त्याला नोरेन म्हणतात.

आत बूट काढून चटईवर बसायचे. माझ्या मित्राचे गुडघे कुरकुरले, मला मात्र वडिलांच्या वेळची पेढी आठवली. पांढरीशुभ्र गादी, लोड, मधोमध हिशेबाची पेटी. आपल्याकडे गादी गेली, फिरत्या खुर्च्या आल्या, आणि आलेला व्यापारी दहा मिनिटांत उठू लागला. तेथे कोणाला घाई दिसली नाही. एका काचेच्या पेटीत सहा-सात प्रकारच्या मिठाया मांडलेल्या, प्रत्येकाचे पाच-दहा नग. आपल्या डोळ्यांना तर दुकान रिकामेच वाटावे. थाळ्यांचे ढीग नाहीत, वर्ख नाही, तुपाचा वास नाही.

खाण्याआधी आम्ही विचारले की यात काय काय आहे. मुसलमान माणसाला परदेशात हा प्रश्न विचारावाच लागतो आणि तो विचारण्यात लाज नाही. दुकानाच्या बाईंनी एकेका नगाकडे बोट दाखवून सांगितले. पांढऱ्या घेवड्याचे शिजवून गाळलेले पुरण, साखर, चिकट तांदळाचे पीठ. दुसऱ्यात आझुकी, म्हणजे बारीक लाल चवळीसारखे कडधान्य, त्याचे पुरण. थरथरणारी पारदर्शक मिठाई पाहून आम्हाला जिलेटीनची शंका आली. ते निघाले कानतेन, समुद्रातल्या शेवाळाचे. दूध नाही, तूप नाही, चरबी नाही. जुन्या पद्धतीच्या जपानी मिठाईत जनावराचे काही सहसा नसतेच. पण एका वाफवलेल्या मिठाईपुढे बाईंनी स्वतःच हात आडवा केला, कारण तिच्या पिठात साके ही तांदळाची दारू असते. आम्ही विचारले होते एकाबद्दल, त्यांनी सांभाळले दुसऱ्याबद्दल. जपानला जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: साके आणि मिरिन हे दोन शब्द पाठ करून जावे, आणि नव्या धर्तीच्या मिठायांत जिलेटीन आहे का ते विचारावे.

मग एकेका माणसापुढे एकेक नग आला. फक्त एक. लहान लिंबाएवढा, वजन पन्नास ग्रॅमच्या आत. मेपलच्या पानाचा आकार, एका टोकाला हिरवा, मध्ये पिवळा, दुसऱ्या टोकाला लाल, आणि एक रंग कोठे संपतो व दुसरा कोठे सुरू होतो ते सांगता येऊ नये असा. सोबत लाकडाची छोटी काडी. गोड आधी खायचे, ते संपत आले की हिरवा फेसाळ चहा, साखरेविना, कडू. आपण चहात साखर घालून वर मिठाई खातो. त्यांनी गोडाला आणि कडूला वेगवेगळी जागा दिली आहे. चव मला बेताची वाटली, हे स्पष्टच सांगतो. ज्याची जीभ रमजानच्या मालपोव्यावर वाढली त्याला घेवड्याचे पुरण काय गोड लागणार? पण त्या नगाला नाव होते, आणि ते नाव ऐकून मी काडी खाली ठेवली. नाव होते 'किन्शू'. दुभाष्याने अर्थ सांगितला: किनखाबाचा शरद ऋतू. नोव्हेंबरात डोंगरावरची झाडे लाल-पिवळी होतात, ती किनखाब पसरल्यासारखी दिसतात, म्हणून. मिठाईला कापडाचे नाव! बाई म्हणाल्या, महिना संपला की हा नग बंद, मग थंडीचे नग येतील. वर्षभर मिळणार नाही.

बिल आले माणशी नऊशे येन. त्या वेळच्या भावाने साडेपाचशे रुपयांच्या वर. नुसता नग बांधून घेतला तर चारशे येनच्या आसपास, म्हणजे अडीचशे रुपये. मी मनात किलोचा हिशेब केला तर आकडा पाच हजारांवर गेला. घेवडा, साखर आणि तांदूळ यांचा भाव पाच हजार रुपये किलो! यात ना केशर, ना पिस्ते. कच्चा माल असा की आपल्या घरातली कोणीही बाई नाक मुरडेल. बाकी सगळी किंमत हाताची, नावाची आणि त्या बसण्याची. आपण सूत, सायझिंग, वीज आणि मजुरी यांची बेरीज करून वर मीटरमागे काही पैसे चढवतो आणि त्या पैशांवरही दलाल तासभर घासाघीस करतो. तेथे कच्च्या मालाच्या बेरजेशी किमतीचा संबंधच उरलेला नव्हता.

कानाझावा, क्योटो आणि मात्सुए ही जपानची मिठाईची तीन शहरे मानली जातात. कानाझावावर शेकडो वर्षे माएदा घराण्याची सत्ता होती. ते श्रीमंत आणि चहाचे शौकीन, त्यामुळे चहापूर्वीच्या गोडालाही दरबारी आश्रय मिळाला. मोरिहाची हे तेथील दुकान १६२५ सालचे. त्यांची 'चोसेइदेन' ही मिठाई म्हणजे तांदळाचे पीठ आणि वासानबोन ही उसाची बारीक साखर साच्यात दाबून केलेली कोरडी वडी. जुने साचे त्यांनी मांडून ठेवले आहेत, हजाराच्या वर. रानचेरीच्या लाकडात कोरलेले मासे, कासवे, फुले, पंखे. जेतपूर-सांगानेरचे ठसे ज्याने पाहिले आहेत त्याला हे काम नवे वाटणार नाही. फरक इतकाच की आपला ठसेवाला नक्षी उठावाने ठेवतो आणि हा खोलगट कोरतो. उलटे कोरायचे दोघांनाही. असे साचे कोरणारे कारीगर आता सबंध जपानात बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. तेव्हा तेथे सारे आलबेल आहे असे कोणी समजू नये. आमच्या त्या दुकानाच्या बाईंचा मुलगाही ओसाकात कंपनीत नोकरीला आहे आणि परत येण्याचे नाव घेत नाही, हे त्यांनी हसत हसत सांगितले. पण हसणे ओठांपुरतेच होते.

तरीही ही दुकाने टिकली कशी? क्योटोत इमामिया मंदिराजवळ इचिवा नावाचे दुकान आहे. ते सन १००० पासून चालू असल्याचे त्या घराण्याचे सांगणे आहे. विकतात एकच जिन्नस: तांदळाचे छोटे गोळे बांबूच्या काडीला लावून कोळशावर भाजलेले, वर गोडसर मिसोची चटणी, आणि चहा. तोराया हे दुसरे घराणे, सोळाव्या शतकापासून बादशाही दरबाराला मिठाई पुरवणारे. १८६९ साली बादशहाची राजधानी टोकियोला गेली तेव्हा तेही मागोमाग गेले. एकाने जागा सोडली नाही, एकाने गिऱ्हाईक सोडले नाही. दोघांनीही नाव सोडले नाही.

आता त्या पडद्याकडे पुन्हा येतो, कारण खरी गोष्ट तेथे आहे. निघताना मी सुताच्या त्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याला पडद्याचा भाव विचारला. सवयच ती! त्याने उलट विचारले, कोणता भाव, कापडाचा की नोरेनचा? मग खुलासा केला. जपानी हिशेबाच्या भाषेत नोरेन म्हणजे गुडविल. एक कंपनी दुसरीला विकत घेते तेव्हा इमारत, यंत्रे, माल, येणे-देणे यांचा हिशेब होऊन वर जी जादा रक्कम मोजावी लागते, ती ताळेबंदात नोरेन या नावाने लिहितात. मोठमोठ्या कंपन्यांच्या ताळेबंदात हा दारावरचा पडदा बसलेला असतो. उर्दूत आपण साख म्हणतो, मराठीत पत. शब्द आपल्याकडेही आहेत, पण आपल्या वहीत त्यांचे खाते नाही.

आणखी एक चाल त्याने सांगितली. जुन्या पेढ्यांत लहानपणापासून राबलेला, कामात मुरलेला आणि इमानाला पक्का असा नोकर असेल, तर मालक त्याला स्वतःचे वेगळे दुकान काढू द्यायचा, भांडवलाला हात द्यायचा, आणि मुख्य म्हणजे आपल्या पडद्यावरचे नाव वापरू द्यायचा. त्याला नोरेन-वाके म्हणतात, पडद्याची वाटणी. आज ही चाल कमी झाली असली तरी नूडल्सच्या दुकानांत वगैरे अजून दिसते. आपल्याकडे वाटणी होते ती भावाभावांत, आणि बहुधा कोर्टात. कारीगराच्या वाट्याला नाव येत नाही. म्हणून तो एक दिवस निघून जातो, समोरच गाळा घेतो, आणि 'असली' व 'पुरानी' अशा पाट्यांची लढाई सुरू होते. मिठाईच्या धंद्यात हे पाहिले नाही असा मुंबईकर सापडणार नाही.

मऊ-आझमगडहून, बिहारहून, तेलंगणातून आलेला कारीगर बारा तासांची पाळी करतो. वीस-वीस वर्षे एकाच शेडमध्ये काढलेली माणसे माझ्या माहितीत आहेत. कोणत्या मागाचा धोटा केव्हा अडणार हे त्यांना आवाजावरून कळते. त्यांचे नाव मीटरच्या वहीत असते, ते हप्ता चुकता करण्यापुरते.

काही जण म्हणतील, जपानला जायची काय गरज होती, नावावर चालणारी दुकाने मोहम्मद अली रोडवर नाहीत काय? आहेत, आणि माझे म्हणणे त्यांच्यामुळेच पक्के होते. मिनारा मशिदीजवळचे सुलेमान उस्मान मिठाईवाला १९३६ पासूनचे. बोहरी मोहल्ल्यातले ताज आइस्क्रीम १८८७ पासूनचे, आणि ते अजून हाताने फिरवून आइस्क्रीम करतात. भिवंडीचा माणूस मुंबईला जातो तेव्हा 'मिठाई आणा' असे घरचे सांगत नाहीत. अफलातून आणायचा तर अमुकच दुकानाचा, असे सांगतात. (अफलातून म्हणजे यूनानचा हकीम, इंग्रजीतला प्लेटो, हे आम्ही उर्दू शाळेत शिकलो. त्याच्या नावाची मिठाई व्हावी हे त्याच्या हिकमतीत नसेल!) म्हणजे खरेदी करताना नावाची किंमत आपल्याला बरोबर कळते. पाच-पन्नास रुपये जास्त देऊन आपण नाव घेतो. विकायची वेळ आली की मात्र आपण बिननावाचे.

ही सवय आपल्याला लागली कशी, त्याचाही इतिहास आहे. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कापडाचे काम लोंढ्यासारखे भिवंडीकडे वळले. गिरण्या आपले कापड यंत्रमागावर विणून घेऊ लागल्या आणि त्यावर गिरणीचा छाप मारू लागल्या. विणकाम आपले, नाव त्यांचे. त्या काळी माग रात्रंदिवस चालत होते, पैसा येत होता, तेव्हा नावाची आठवण कोणाला येणार? पुढे गिरण्या गेल्या, पण छाप मारणारे दुसरे आले आणि आपण विणतच राहिलो.

पण याच कोकणपट्टीने एकेकाळी जपानला नाव पाठवले होते. जपानी भाषेत 'चाउ-जिमा' म्हणून एक रेशमी पट्ट्यापट्ट्यांचे कापड आहे. हे चाउ म्हणजे आपले अलिबागजवळचे चौल. पोर्तुगीजांच्या जहाजांतून चौलचे रेशमी कापड जपानात पोहोचले, तेथील प्रतिष्ठितांना ते हाकामा या पायघोळ वस्त्रासाठी आवडले, आणि पुढे क्योटोचे विणकर तसेच कापड स्वतः विणू लागले तरी नाव चौलचेच राहिले. आज चौलला गेलात तर नारळी-सुपारीच्या बागा आणि पडके कोट दिसतात, माग नाहीत. बंदर गाळाने भरले, विणकर पांगले, पण नाव जपानी कोशात शिल्लक आहे. त्याच जहाजांतून साखरेच्या मिठाईची रीतही जपानात गेली. त्यांची कोन्पेइतो ही खडेदार साखरगोळी आणि कासुतेरा हा केक, दोन्ही नावे पोर्तुगीज. पावाला जपानी लोक 'पान' म्हणतात. आपला पाव आणि त्यांचा पान एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरे. चिकट तांदळाचा वाफवलेला गोड पदार्थ पाहून मला घरचे सांदण आठवले, ते काही उगीच नाही. आपल्या कोकणी घरांत ईदला, लग्नात सांदण होते. नारळ, तांदूळ, साखर. पण ते विकायला ठेवलेले मी क्वचितच पाहिले. आपल्या बायका ते फुकटात करतात म्हणून त्याला भाव नाही.

दुसरा आक्षेप असा की जपान श्रीमंत, तेथे लोक पन्नास ग्रॅमला अडीचशे रुपये देतील, आपले गिऱ्हाईक देणार नाही. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. परकराचे पोपलीन घेणारी बाई नावासाठी दहा रुपये जास्त देणार नाही, हे खरे. पण एक जुनी गोष्ट लक्षात घ्या. १९३० च्या दशकात मुंबईच्या बाजारात 'जपानी माल' याचा अर्थ होता स्वस्त आणि तकलादू. जपानी कापड इतक्या कमी भावात येऊन पडत होते की १९३३ साली सरकारने त्यावर ७५ टक्के जकात बसवली. आज जपानी म्हटले की माणूस डोळे मिटून घेतो. श्रीमंती आधी आली आणि नाव मागून, असे त्यांचे झालेले नाही. दोन्ही बरोबरच वर चढले.

आणि सोलापूर तर जपानात नाही ना? तेही यंत्रमागाचेच गाव. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि परराज्यातला माणूसही ती नावाने मागतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मानांकन मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला नाव न घेता मांडल्या, तेव्हा महाराष्ट्रातून ओरड झाली आणि कंपनीला मूळ भारतातले आहे हे कबूल करावे लागले. ओरडता आले, कारण नाव होते. आपल्या पोपलीनवर रोज कोणी ना कोणी आपला छाप मारतो. आपण ओरडणार कशाच्या जोरावर?

आता करायचे काय ते थोडक्यात. सगळा माल नावाने विकता येणार नाही, आणि तसा हट्ट धरला तर दिवाळे वाजेल. ते मिठाईवालेसुद्धा रोजच्या खपाचे साधे जिन्नस विकतातच. पण आठ-दहा मागवाल्यांनी मिळून वीस ताग्यांमागे एक तागा बाजूला ठेवावा. ग्रेवर छाप मारून उपयोग नाही, ब्लीचिंगमध्ये तो धुऊन जातो. म्हणून तेवढा माल स्वतःच्या खर्चाने प्रोसेस करून आणावा लागेल. त्यात पैसा दोन-तीन महिने अडकतो, हीच खरी अडचण आहे, आणि एकट्याला ती झेपत नाही म्हणून मिळून करायचे. ज्यांच्याकडे नव्या पद्धतीचे माग आहेत त्यांना किनारीवर नाव विणून घेता येते. त्याचे यंत्र वेगळे घ्यावे लागते, पण किनारीवरचे नाव कोणी धुऊन काढू शकत नाही. साध्या मागवाल्यांनी प्रोसेसनंतर टोकाला छाप मारावा. माल थोडा असला तरी चालेल, पण एकच क्वालिटी धरावी. रीड-पिक कमी करून नफा काढायचा मोह झाला की त्या दिवशी पडदा उतरवावा.

छापात गावाचे नाव असावे, पेढीचे असावे, आणि माझ्या मते कारीगराचा नंबर तरी असावा. यावर मित्रांत वाद झाला. एक जण म्हणाला, नंबर घातला तर उद्या दुसरा मालक त्याला जास्त पैसे देऊन पळवील. मी म्हटले, पळवू दे. ज्याला पळवावेसे वाटते असा कारीगर भिवंडीत आहे हे तरी बाजाराला कळेल. तो पटून गप्प बसला की कंटाळून, सांगता येत नाही.

हे सारे घाईने लिहायचे कारण घरातलेच आहे. भिवंडीत गोदामे पूर्वीपासून होती, पण २०१७ मध्ये जीएसटी आल्यापासून ती चौफेर वाढली आणि जुने माग किलोच्या भावाने भंगारात जाऊ लागले. माझा मुलगा अशाच एका गोदामात कॉम्प्युटरवर आहे. त्याचे म्हणणे, अब्बा, माग काढा आणि शेड भाड्याने द्या, बसल्या जागी पैसे येतील. त्याचा हिशेब चुकीचा नाही; कागदावर मांडला तर माझ्या हिशेबापेक्षा बराच सरळ आहे. मी त्याच्याकडून एका वर्षाची मुदत मागून घेतली आहे. आठ मागांवर एकाच क्वालिटीचे कॅम्ब्रिक चढवले आहे आणि तिघे मित्र सोबत आले आहेत. सध्या अडले आहे ते छापासाठी. रबराचा शिक्का नको, लाकडी ठसा हवा, सागवानी किंवा शिसवी, अक्षरे मराठीत आणि उर्दूत. असा ठसा कोरणारे जुने कारीगर पूर्वी मुंबईत होते. आता भिवंडी, कल्याण किंवा मालेगावात कोणाच्या माहितीत असल्यास या पानाच्या संपादकांकडे कळवावे. कोरणावळ तो सांगेल ती, घासाघीस करणार नाही.